दारफळणीच्या दिवशी गुणाबाई

पनवेलात तळ्याकाठच्या आळीत गुणाबाई राहत असे, तिची ही गोष्ट. बाई मूळची नगरकडची, ख्रिस्ती, अंगानं किडकिडीत आणि जिभेनं तिखट. नाकावर माशी बसू द्यायची नाही. भाजीवालीनं एखादं किडकं वांगं टोपलीत सरकवलं, तर त्या वांग्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची; आणि तीच भाजीवाली तापानं पडली, की तिच्या झोपडीत जाऊन पेज भरवून यायची. भरवतानाही तोंड चालूच. "गीळ मुकाट्यानं! मेलीस तर मी भांडू कुणाशी?"

नवरा गेल्यावर तिनं हातमशीन घेतलं आणि शिवणकामावर गुजराण चालवली. आळीत मूल जन्माला आलं, मग ते आगऱ्याचं असो, बामणाचं असो की मुसलमानाचं, पाचवीच्या आत गुणाबाईचं झबलं-टोपडं त्या घरी पोचलंच म्हणून समजा. शिलाई द्यायला कुणी आलं, तर ती त्याच्या अंगावर धावून जाई. "देव ऊन पाडताना घरं विचारतो का? मग मी कापड कातरताना कशाला विचारू?" आता हे बोलणं खरोखर सुंदर होतं. पण सगळ्या आळीत दोन पोरं अशी होती, की ज्यांच्या अंगावर गुणाबाईचं झबलं कधी चढलं नाही. ती तिच्या अगदी भिंतीपलीकडची, अबीगेलची पोरं.

अबीगेल आणि तिचा नवरा एलिजा हे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. त्यांच्या वाडवडलांचे तेलाचे घाणे होते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणत. एलिजा मात्र शिकून कचेरीत कारकून झालेला. माणसं साधी, सरळ. अशा माणसांशी गुणाबाईनं दावा का धरावा? तर झालं होतं ते असं.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन दसरे झाले असतील. गुणाबाईचा नवरा लूकस कंपाउंडर होता. दोघांनी पनवेलात नुकतंच बिऱ्हाड मांडलं होतं, आळीतल्या माणसांची नावंसुद्धा अजून नीट ठाऊक नव्हती. दसऱ्याचा दिवस. दुपार कलली तशी सगळी आळी नवे कपडे घालून सोनं लुटायला वेशीकडे गेली. लूकस पाण्याची कळशी उचलायला वाकला आणि तसाच ओट्यावर कोसळला. छातीत कळ आली होती. माणूस धिप्पाड, गुणाबाईला एकटीला हलेना. डॉक्टरला आणायला जावं, तर ह्याला कुणाच्या भरवशावर टाकायचं? ती शेजारच्या दारावर धावली. आत माणूस आहे हे तिला माहीत होतं, खोकल्याचा आवाज येत होता.

"अहो, दार उघडा! ह्यांना बघा काय झालंय! कुणीतरी या हो!"

दार उघडलं नाही. तिनं दोन्ही मुठींनी ते बडवलं. आत कुणीतरी चालत दारापर्यंत आलं, कुणीतरी काहीतरी कुजबुजलं, आणि मग सगळं गप्प झालं. लोक आपट्याची पानं घेऊन वेशीवरून परतले, तोवर लूकस गेलेला होता.

दार का उघडलं नाही? तर त्या दिवशी त्यांची दारफळणी होती. बेने इस्राएलांचा हा वर्षातला सगळ्यात मोठा उपास. पांढरे कपडे घालायचे, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, परक्याला शिवायचं नाही आणि दारं लावून दिवसभर देवाजवळ पापांची माफी मागायची. पुरुष मशिदीत गेले होते. आपल्या प्रार्थनामंदिराला ते मशीदच म्हणत. घरात होती ती एलिजाची अंथरुणाला खिळलेली आई आणि नवी सून अबीगेल.

आता गंमत बघा. गुणाबाई रोज पहाटे शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणारी. मोशेनं लावून दिलेला प्रायश्चित्ताचा दिवस, त्या दिवसाचा उपास, सगळं तिला तोंडपाठ. पण तोच दिवस आपल्या भिंतीपलीकडे पाळला जातोय, हे तिच्या डोक्यात कुठून यावं! शास्त्रातले इस्राएल लोक तिच्या लेखी वाळवंटातले, लांब दाढ्यांचे. नऊवारी नेसून ओट्यावर नारळ खवत बसणारी अबीगेल त्यांच्यातलीच, हे तिला दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं. कळून काय उपयोग? तिचा माणूस मातीआड झाला होता.

दारफळणीचा दुसरा दिवस म्हणजे शिळा सण. त्या दिवशी ही मंडळी दारं उघडतात, शेजारीपाजारी जातात. अबीगेल रडून सुजलेल्या डोळ्यांनी गुणाबाईच्या ओट्यावर आली. हातात रवा-खोबऱ्याचं सारण भरलेल्या गोड पुऱ्यांचं ताट. गुणाबाईनं ताटाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "काल तुमचं दार बंद होतं. आजपासून माझं." आणि तिच्या तोंडावर कडी घातली.

तेव्हापासून दर वर्षी शिळ्या सणाला अबीगेल ताट घेऊन यायची, दार वाजवायची, थोडा वेळ थांबायची आणि परत जायची. सासू वारली, दोन पोरं झाली, तरी यायचीच. गुणाबाई आत बसून राहायची. अशी दहा-अकरा वर्षं गेली म्हणजे बघा.

आणि इथंच बाईची खरी पंचाईत होती. पनवेलात ख्रिस्ती घरं मोजकीच. महिन्याच्या पहिल्या रविवारी मुंबईहून वृद्ध पाळकसाहेब यष्टीनं आदल्या दिवशी यायचे आणि गुणाबाईच्या पुढच्या खोलीत प्रभुभोजनाची उपासना व्हायची; येशूची आठवण म्हणून सगळ्यांनी एकाच पोळीचा तुकडा आणि एकाच प्याल्यातला घोट घ्यायचा. मेजावरची बिनखमिराची पोळी गुणाबाई करायची. प्याल्यातला रसही तिच्याच हातचा. काळ्या मनुका भिजत घालायच्या, उकळायच्या, पातळ फडक्यातून गाळायच्या. त्यात ती कुणाला बोट लावू देत नसे. पण प्याला फिरत फिरत तिच्यापाशी आला, की ती तो तोंडाला न लावता पुढच्या माणसाच्या हातात द्यायची. कारण शिकवण अशी की, शेजाऱ्याविषयी मनात अढी असेल तर आधी जाऊन समेट कर, मग मेजापाशी ये. बाई खोटं वागणारी नव्हती. अढी होती, म्हणून ती पीत नव्हती.

लोक म्हणत, केवढी नम्र बाई! नम्र कसली डोंबलाची! सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, अशातली गत. एकदा पाळकसाहेबांनी विचारलं, तर म्हणाली, "मी तिला केव्हाच माफ केलंय. फक्त तिचं तोंड बघणार नाही."

"मग प्याला घ्या की," पाळकसाहेब म्हणाले.

त्यावर ती कप उचलून आत गेली. पण प्याल्यावाचून आपला जीव किती तहानलाय, हे तिचं तिलाच माहीत होतं. उपासना संपली की रिकामा प्याला धुताना ती कधीकधी मोरीतच बसून रडायची.

गोवा मोकळा झाला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. त्या वर्षी दसरा आणि दारफळणी पाठोपाठ आली होती. शनिवारी दारफळणी आणि रविवारी प्रभुभोजन. शनिवारी सकाळी जनी म्हावरं घेऊन आली. जनी आगरीण, टोपलीत मासळी आणि तोंडात गावाच्या बातम्या. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे.

"आवो गुणाबाय, तुमाला ठावं नाय? तुमची शेजारीण बिऱ्हाड मोडून चालली!"

"कोण शेजारीण?"

"अवो, कोन म्हंजे? अबीगेलबाय. दिवाली झाली का बोटीत बसून थेट त्यांचे देशाला. पोराबालांसकट. आता काय ती परत येत नाय."

"जाईना! मला काय त्याचं?" गुणाबाई म्हणाली आणि मासळी घ्यायला भांडं आणायला आत गेली. बाहेर आली ती सूप घेऊन.

"अवो, सुपान म्हावरं घेताव का?" जनी खो खो हसली. गुणाबाई हसली नाही. भिंतीपलीकडे एक माणूस आहे आणि आपण त्याच्यावर रागावलेलो आहोत, ह्याची तिला सवय झाली होती. ते माणूसच निघून गेल्यावर हा राग घेऊन जायचं कुठं?

तिनं विचार झटकला आणि मनुका आणायला काशीराम वाण्याकडे गेली. काशीरामनं हात पसरले. "नाहीत, बाई. होत्या नव्हत्या तेवढ्या परवा अबीगेलबाई घेऊन गेल्या. आज संध्याकाळी उपास सुटतो ना त्यांचा, मनुकांचं सरबत लागतं. आणि दसऱ्यामुळं मुंबईचा माल आलेला नाही."

तिनं बाजारपेठेतली बाकीची दुकानंही पालथी घातली. कुठं म्हणून मनुका मिळाल्या नाहीत.

दुपारी पाळकसाहेब आले. पाय धुऊन, चहा घेऊन बसले, तशी तिनं गाऱ्हाणं मांडलं. "मनुका नाहीत. उद्या प्याल्यात काय घालू? कोकमाचं पाणी?"

"शेजारणीकडं आहेत म्हणता ना? मग मागून आणा."

"मी? तिच्याकडं?" गुणाबाईचा आवाज चढला. "माझा माणूस ओट्यावर तडफडत होता, तेव्हा तिनं दार उघडलं नाही. तिनं यावं, पाय धरावेत, मग बघू."

पाळकसाहेब शांत माणूस. कप खाली ठेवून म्हणाले, "गुणाबाई, तुम्ही चुकलात तेव्हा देवानं काय केलं? तुम्ही पाय धराल म्हणून वर बसून राहिला, का स्वतःच खाली उतरला?"

"तो देव आहे. मी बाई आहे, शिवणकाम करणारी."

"म्हणून तर एवढंसंच सांगतोय. त्याला आभाळातून उतरायचं होतं. तुम्हाला फक्त ओट्यावरून उतरायचंय."

गुणाबाईला राग आला, आणि राग आला म्हणजे बोलणं लागलेलं असायचं. तिनं चुलीवर आदळआपट केली, मासळी करपवली, पाळकसाहेबांना ती तशीच वाढली. त्या सज्जन माणसानं निमूटपणे खाल्ली आणि ते आडवे झाले. गुणाबाईनं पदर खोचला, वाटी घेतली आणि ओट्यावरून उतरली. 'मनुकांसाठी चाललेय मी,' ती स्वतःला बजावत होती. 'वर सांगेनसुद्धा, की तुला माफ केलंय. ऐकून घे म्हणावं एकदाचं.'

पण दारापाशी गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, आज दारफळणी. दार बंद. तेच दार, त्याच जाड फळ्या, ज्यांच्यावर मुठी आपटून तिचे हात सुजले होते. हाक मारायला तिची जीभ उचलेना. परत फिरावं, तर पुन्हा यायचं धाडस होणार नाही, हेही तिला कळत होतं. मग ती अबीगेलच्या ओट्यावर बसली. चांदण्या दिसल्यावर उपास सुटेल, दार उघडेल, तोवर बसू. आळीतले लोक जाता-येता डोळे फाडून बघत होते. विठू न्हावी तर चालता चालता गटारात पाय घालून गेला. गुणाबाई, आणि अबीगेलच्या ओट्यावर!

उन्हं उतरली. बसून बसून कंबर अवघडली, तशी गुणाबाईनं पाठ दाराला टेकली. आणि दार करकरत मागं गेलं. बाई वाटीसकट उताणी उंबऱ्यात!

दाराच्या आत, अगदी जवळ, पाटावर अबीगेल बसलेली होती. अंगावर पांढरं लुगडं, उपासानं ओठ सुकलेले. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. गुणाबाई कशीबशी उठून बसली आणि तोंडातून निघालं ते हेच, "कडी नाही घातली?"

"नाही," अबीगेल म्हणाली. "त्या वर्षापासून दारफळणीला कडी घालत नाही मी. दार नुसतं लोटते."

"आणि मशिदीत नाही गेलीस?"

"हे जातात मुलांना घेऊन. मी घरीच बसते, दाराशी. कुणी हाक मारली, तर ऐकू यायला हवी."

अबीगेल बोलत राहिली, खाली मान घालून, हळू. "त्या दिवशी मी ह्याच दाराच्या आत उभी होते, गुणाबाई. कडीवर हात होता माझा. सासूबाई म्हणाल्या, दार उघडलंस तर सगळ्या घराचा उपास बाटेल. मी नवी होते, घाबरले. हात काढून घेतला. मागाहून आमच्या मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्या हजाननी सांगितलं, जीव जात असेल तर देवाची मनाई नसते. उलट उघडायचंच असतं दार. मग मी देवाजवळ माफी मागितली, दर वर्षी मागते. पण माणसाचा अपराध केला तर त्या माणसाकडेच जावं लागतं, तोवर देवसुद्धा थांबून राहतो, असं आमच्यात म्हणतात. म्हणून यायची मी ताट घेऊन. आता तर आम्ही जाणार. उद्याची शेवटचीच खेप."

गुणाबाईनं घरून माफी बांधून आणली होती. वर काय बोलायचं, तेही ठरवून आणलं होतं. त्यातलं एक अक्षर तिला आठवेना. तिला आठवत होती ती दर वर्षीची दारावरची टकटक. ताट म्हणजे सणाचं वाण, रीत म्हणून देतात आळीत, असं ती समजत आली होती.

"एवढी वर्षं तू माझं दार वाजवत होतीस," ती म्हणाली, "आणि मी आत बसून शास्त्र वाचत होते!"

तिनं हात पुढं केला आणि एकदम मागं घेतला. "आज शिवायचं नाही ना तुम्हाला?"

अबीगेलनंच तो हात दोन्ही हातांनी धरला. गुणाबाई ढसाढसा रडली. "मला माफ कर गं पोरी," एवढंच म्हणत राहिली, आणि अबीगेल म्हणत राहिली, "तुम्ही करा, तुम्ही करा." माफ करायला गेलेली बाई माफी मागून बसली. बऱ्याच वेळानं अबीगेलचं लक्ष उंबऱ्यात पडलेल्या वाटीकडे गेलं.

"काही हवं होतं का?"

"मनुका," गुणाबाई नाक पुसत म्हणाली. "उद्या आमचं प्रभुभोजन. काशीराम म्हणाला, सगळ्या तू नेल्यास."

अबीगेलला हसू फुटलं. "चांदण्या दिसू द्या. मग देते."

मग दोघी उंबऱ्याच्या अल्याड-पल्याड बसून चांदण्यांची वाट बघत राहिल्या.

रविवारी पुढच्या खोलीत उपासना सुरू झाली. पाळकसाहेबांनी प्याला फिरवला. तो गुणाबाईच्या हातात आला, तशी पुढच्या माणसानं सवयीनं हात पसरले. गुणाबाईनं प्याला तोंडाला लावला आणि प्यायली. सगळी खोली बघत राहिली. पाळकसाहेबांनी उगीचच चष्मा काढून पुसला. तेवढ्यात ओट्यावर पावलं वाजली. दार सताड उघडं होतं, तरी अबीगेल ताट घेऊन बाहेरच उभी होती. वाजवायला दारच नाही, तर करायचं काय, हे तिला कळत नव्हतं. गुणाबाई चालू उपासनेतून उठली, ताट घेतलं आणि आपल्या चटईवर तिला जागा दिली. त्या दिवशी शेवटचं स्तोत्र झाल्यावर सगळ्यांनी पुऱ्या खाल्ल्या, पाळकसाहेबांनी तर दोन.

दिवाळीनंतर ती मंडळी इस्राएल देशाला गेली. तिकडं थंडी फार, असं कुणीसं सांगितलं म्हणून गुणाबाईनं रात्रंदिवस मशीन चालवून दोन्ही पोरांना उबदार फलालीनचे कोट शिवले. मोटारस्टँडवर घालून बघितले तर हाताला आखूड झालेले. कशी होणार मापं बरोबर! एवढी वर्षं तिनं त्या पोरांकडं धड बघितलं होतं कुठं? तिथंच तिला रडू कोसळलं आणि अबीगेलला तिची समजूत घालावी लागली.

पुढं गुणाबाईनं दाराला कडी घालणं सोडलं. दिवसा नाही, रात्रीही नाही. दार नुसतं लोटलेलं. लोक म्हणत, "बाई, चोर शिरेल एखाद दिवशी." ती म्हणे, "शिरू दे. भुकेला असला तर जेवून जाईल." जिभेचा तिखटपणा तेवढा शेवटपर्यंत तसाच राहिला.

सात-आठ वर्षांनी एका सकाळी जनी म्हावरं घेऊन आली. हाक मारली, उत्तर आलं नाही. आतून नुसतं कण्हणं ऐकू आलं. तिनं दार ढकललं आणि टोपली टाकून आत धावली. गुणाबाई मशीनपाशी पडली होती. छातीत कळ. जनीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आळीला हाका मारल्या. माणसं गोळा झाली, कुणी डॉक्टरकडे पळालं, पण वेळ फार उरला नव्हता. गुणाबाईनं डोळे उघडून आधी दाराकडे पाहिलं, मग जनीकडे.

"कशी आलीस गं आत?"

"दार उगडंच व्हतं, बाय," जनी म्हणाली.

गुणाबाईनं मान हलवली, आणि जनीचा हात शेवटपर्यंत सोडला नाही.